विद्युल्लता यंत्राची खानदेश-स्वारी

तमाम आबालवृद्धांस, विशेषतः ज्यांच्या घरी उन्हाळ्यात शेवया होतात अशा सर्व कुटुंबप्रमुखांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, हिंदुस्थानातील समस्त स्त्रीवर्गाची शेवया वळण्याच्या कष्टांतून कायमची सुटका करण्याचा दिवस उजाडला असून, ती सुटका एका लाकडी पेटीत, भुशात नीट बसवून, नाशिक रोड स्टेशनावरून सकाळच्या गाडीने खानदेशाकडे रवाना झाली आहे.

सुटकेबरोबर मीही होतो. ती सामानाच्या, म्हणजे ब्रेकच्या डब्यात होती आणि मी तिसऱ्या वर्गात. आमच्या दोघांत तिचा प्रवास अधिक सुखाचा झाला.

आता सुटकेचे स्वरूप सांगतो. पितळेचा एक उभा डबा, त्यात मळसूत्र, वर फिरवायचा दांडा, तळाशी बारीक भोकांची जाळी. वरून कणकेचा गोळा घालावा, दांडा फिरवावा, की खालून केसांसारख्या शेवया उतरू लागतात. यंत्राचे नाव 'विद्युल्लता'. हे नाव मी ठेवले. माझा भागीदार गोविंदा तांबट याला 'शेवयांचे यंत्र' एवढे पुरेसे वाटत होते. पण गोविंदाला नाटकाची आवड नाही आणि मला आहे.

या यंत्रापायी मी शाळेतली ड्रॉइंगमास्तरकी सोडली असे आमचे नातेवाईक सांगतात. ते खोटे आहे. मास्तरकी मी शाईच्या गोळ्यांपायी सोडली होती. त्या गोळ्या पहिल्याच पावसाळ्यात एकमेकींना चिकटून त्यांचा एक निळा धोंडा झाला. तो अजून आमच्या परसदाराला टेकू म्हणून आहे. त्यानंतर मी उंदरांचा पिंजरा काढला आणि त्यात आमच्याच घरमालकांचे मांजर सापडले. विद्युल्लता त्यानंतरची. तोवर मी त्रेचाळीस वर्षांचा झालो होतो, आणि सकाळी उठल्यावर काहीतरी नवे सुचले नाही तर मला चहा गोड लागत नसे.

गोविंदाचे तसे नाही. त्याच्या घरात तीन पिढ्या घागरी घडवल्या गेल्या. माझ्या बोलण्याला भुलून त्याने वर्षभर घागरींना हात लावला नाही. साचे केले, पितळ ओतले, यंत्रे उभी केली. वर्षभरात नाशकात दोन खपली. एक माझ्या मेहुण्याने भिडेखातर घेतले. दुसरे परत आले. मी निघालो त्या सकाळी गोविंदाने आठ यंत्रे स्वतः पेटीत भरली, झाकण ठोकले आणि म्हणाला, "मास्तर, अक्षय्यतृतीयेपर्यंत वाट बघतो. ही आठ खपली तर पुढचं ओतू. नाहीतर सणाच्या दुसऱ्या दिवशी साचे फोडतो आणि घागरी घेतो हातात. घरची माणसं काही बोलत नाहीत, हेच मला आता सहन होत नाही."

गोविंदाचे शब्द मोजके असतात, म्हणून ते लागतात. साचे फुटले की विद्युल्लता संपली. ते पुन्हा करायला त्याच्या अंगात दुसरे वर्ष नव्हते. माझ्या हाती तेरा दिवस होते.

खानदेशच का, असे कोणी विचारील. रामकुंडावर भेटलेल्या एका धुळेकर यात्रेकरूने मला सांगितले होते की, त्यांच्याकडे चैत्र-वैशाखात एक खाट रिकामी दिसत नाही, सगळ्यांवर शेवया वाळत असतात. एवढे ऐकून मी उठलो. आणखी दोन प्रश्न विचारले असते तर बरे झाले असते.

धुळे: आखाजीला अकरा दिवस

अक्षय्यतृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि आमच्याकडे जे दिवाळीचे महत्त्व ते इथे आखाजीचे. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. हे सगळे मला चाळीसगावला गाडी बदलताना हमालाने सांगितले आणि पेटी उचलताना विचारले, "भाऊ, यामा काय रेल्वेना रूळ शेत का?"

धुळ्याचे ऊन अंगावर पडत नाही, अंगावर बसते. रस्ते मात्र सरळ. मी नाशिकचा, दर वीस पावलांवर वळणारे बोळ पायांना सवयीचे. इथे एका टोकाला उभे राहिले की दुसऱ्या टोकाचा माणूस दिसतो, आणि आपण त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला आपला पूर्ण अंदाज आलेला असतो. भांड्यांचे व्यापारी मोतीलालजी यांनी मला असेच लांबून पाहिले असावे. मी दुकानाची पायरी चढलो तेव्हा त्यांनी आधीच तक्क्याला टेकून डोळे मिटले होते.

मोतीलालजींचे आजोबा मारवाडातून आले. आता घरात मारवाडी, दुकानात मराठी आणि हिशेबाला दोन्हीही नाही, तिसरेच काहीतरी, अशी त्यांची भाषा. मी यंत्र मांडले. त्यांनी एक डोळा उघडला.

"विलायती है?"

"छे, स्वदेशी. नाशिकचं."

"मग टिकेल का?"

"विलायती असतं तर?"

"तर घेतलं नसतं," मोतीलालजी म्हणाले. "नाव काय म्हणालात? विद्युल्लता? मग बिजली कुठे लावायची?"

बिजली लागत नाही, हात लागतो, हे समजावण्यात माझी बरीच वाफ गेली. अखेर त्यांनी ओट्यावर प्रयोग करायला परवानगी दिली. मी विजयी वीरासारखा हात पुढे केला आणि म्हणालो, "आता फक्त एक टेबल द्या."

मोतीलालजींनी दुसराही डोळा उघडला. विद्युल्लतेच्या बुडाला टेबलाच्या कडेला आवळायचा चिमटा होता. माझ्या घरी टेबल आहे, कारण मी ड्रॉइंगमास्तर होतो. गोविंदाने त्याच टेबलावर माप घेतले होते. उभ्या हिंदुस्थानच्या स्वयंपाकघरात टेबल नसते, ही गोष्ट आम्हा दोघांना वर्षभरात एकदाही सुचली नव्हती. पडद्यामागून मोतीलालजींच्या पत्नी खुदकन हसल्या आणि आतून आवाज आला, "घरात टेबल कुणाच्या? खाट आहे, खाट."

खाटेचा दांडा गोल आणि माझ्या चिमट्याच्या दुप्पट जाड. मी ओढून बघितला, आवळून बघितला, शेवटी चिमट्याला शिव्याही घातल्या. मोतीलालजींनी लोहाराकडे माणूस धाडला. त्या लोहाराच्या भात्यासमोर मी दीड दिवस बसलो, म्हणजे उठलो, बसलो, पुन्हा उठलो, बाहेर जाऊन पांझरेचे कोरडे पात्र पाहून आलो आणि "झालं का?" असे इतक्या वेळा विचारले की, लोहाराने अखेर माझ्या हातात भात्याची दोरी दिली. आठही चिमटे खाटेच्या मापाचे झाले. गोविंदाने पाहिले असते तर माझ्याशी आठवडाभर बोलला नसता.

त्या दीड दिवसात मोतीलालजींच्या घरी जेवलो. बट्टी म्हणजे गव्हाच्या पिठाचे भाजलेले गोळे. फोडायचे, त्यावर तूप ओतायचे आणि वरून तुरीची आमटी. तूप वाढताना "बस" म्हणायची पद्धत तिथे नाही. मी दोनदा म्हणालो, कोणी ऐकले नाही.

"मास्तरसाब, चीज चांगली आहे," निघताना मोतीलालजी म्हणाले. "पण मी घेणार नाही. आधी बायकांना दाखवा. त्यांनी मागितली तर मी ठेवीन. मी मागितली तर त्या घेणार नाहीत."

पांझरेकाठचे एक गाव: आखाजीला आठ दिवस

गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या लोकांनी मला फार प्रेमाने वागवले आणि तेच माझ्या अंगाशी आले.

मारुतीच्या पारापाशी खाट टाकली, विद्युल्लता आवळली आणि पुकारा केला. बायका जमल्या. एकीने शंका काढली की कणकेला पितळेचा वास लागेल. मी म्हणालो, तुमचीच कणीक आणा, तुमच्याच डोळ्यांदेखत काढून देतो. तिने आणली. शेवया उतरल्या, लांबसडक, एकसारख्या. गर्दीतून जो हुंकार उठला तो ऐकून मला रंगभूमीवर जायला हवे होते असे पुन्हा एकदा वाटले.

"भाऊ, मनी बी कनिक लई येऊ का?" दुसरीने विचारले.

आणा, मी म्हणालो. तिसरीला म्हणालो, चौथीला म्हणालो. मला वाटत होते की प्रत्येक गोळ्यागणिक एक गिऱ्हाईक पिकते आहे. दुपारी मला सावलीत बसवून कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. कळण्याची भाकरी ज्वारी-उडदाची. काळसर, खमंग, आणि आमच्या बाजरीच्या भाकरीपेक्षा मऊ. ठेच्याने कान वाजू लागले, त्या भरात मी पुन्हा दांड्याला भिडलो. पारावरचे एक आबा माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. "नासिकवाला भाऊ," ते म्हणाले, "तुमना हात नही, इंजिन शे."

उन्हे उतरली तेव्हा गावातल्या प्रत्येक खाटेवर, प्रत्येक काठीवर शेवया लोंबत होत्या. मी घाम पुसला, उरलेली सात यंत्रे पेटीतून काढून ओळीने मांडली आणि म्हणालो, "बोला, कोणाला किती?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. मग सगळ्यात आधी कणीक आणलेली बाई अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "आते बठ्ठा गावन्या शेवया व्हई गयात ना भाऊ. आते यंत्र लिसनी काय करसूत?"

सगळ्या गावाच्या शेवया झाल्या, आता यंत्र घेऊन करायचे काय. मी सातही यंत्रे पुन्हा भुशात घातली. एकीने मला वाटेसाठी मूठभर शेवया बांधून दिल्या. दुसऱ्या दिवशी उजवा हात खांद्याच्या वर जाईना. टोपी डाव्या हाताने घालावी लागली.

भडगाव: आखाजीला पाच दिवस

मोतीलालजींनी भडगावच्या आपल्या व्याह्यांच्या नावे मला चिठ्ठी दिली होती. पाचोऱ्याला गाडीतून उतरून बैलगाडीने गिरणाकाठी पोहोचेपर्यंत मी अंतराचा अर्धा भाग खाली उतरून चाललो. बैल दमले म्हणून नव्हे. मला बसवत नव्हते. गाडीवाला म्हणाला, "भाऊ, चालानं व्हतं तं गाडी कशाले करी?"

व्याह्यांच्या दुकानासमोर सोनाअक्कांचे घर. साठीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. आळीतली कोणतीही गोष्ट अक्कांच्या अंगणातून गेल्याशिवाय पुरी होत नसे. मला उन्हात पेटी उतरवताना पाहून त्यांनी दारातूनच विचारले, "कथाईन उनात भाऊ? नासिकहून? येवढा उन्हमा? बठा, आधी पानी प्या."

त्यांच्या अंगणात त्या दिवशी शेवयाच चालल्या होत्या. मांडवाखाली दहा-बारा बायका. काहीजणी तिरप्या पाटावर तळहाताने कणकेची दोरी ओढत होत्या. ती खाली उतरेल तशी समोरची झेलत होती, तिसरी ती काठीवर टाकत होती. हात चालू, तोंडही चालू. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या जावयाने नवी सायकल घेतली, मध्येच एखादीने गाण्याची ओळ उचलली की दुसऱ्या तिला टोके जोडत. आमच्याकडे नाशकात प्रत्येक घर आपापल्या गच्चीवर वाळवण घालते आणि शेजारणीच्या पापडाची जाडी लांबून मोजते. इथे एका घरच्या शेवयांना सगळी आळी.

मी शहाणा झालो होतो. अक्कांना म्हणालो, फक्त एक परातभर कणीक काढून दाखवतो.

"दखाडा," अक्का म्हणाल्या.

कणीक आधीच मळलेली होती. मी डाव्या हाताने दांडा फिरवला. अर्धा तासही लागला नसेल. परात रिकामी झाली. मी मागे सरून, जरा वाकून, टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो.

टाळ्या वाजल्या नाहीत. बायका रिकाम्या हातांनी बसून राहिल्या. पाटावरच्या बाईने पाट पुसला. जावयाच्या सायकलीची गोष्ट अर्धी राहिली होती. सांगणारीने सुरुवात केली, पण हातात काम नाही म्हणून की काय, तिला लय सापडेना. मग एक उठली, "घरनं काम पडेल शे" म्हणाली. तिच्यामागे दुसरी. मांडवाखाली मी, अक्का आणि खाटभर शेवया एवढे उरलो.

"दखं का भाऊ," अक्का रागावल्या नव्हत्या, हे त्यातले सर्वांत वाईट. "यंत्र चांगलं शे. पन ते घाई करस. शेवया व्हई गयात, आमन्या गोठी तश्याच ऱ्हाई गयात."

मी ओट्यावर बसलो. माझ्या वयाच्या माणसाने नवा धंदा काढला की लोक त्याला हसतात, याची मला सवय आहे. हसणे मी टाळ्यांसारखे घेतो. पण एका चांगल्या भरलेल्या अंगणातून माझ्या यंत्राने माणसे उठवली, हे मला टाळ्यांत धरता येईना. मी पेटी भरायला घेतली. हातातला भुसाही धड बसेना.

तेव्हा घरातून अक्कांची मुलगी कमळा बाहेर आली. आदल्याच दिवशी आखाजीसाठी माहेरी आली होती. तिचा नवरा चाळीसगावला रेल्वेत इंजिनवर फायरमन. तिने यंत्राचा दांडा हातात धरून पाहिला आणि शहरी मराठीत हळूच विचारले, "भाऊ, हे एकटीला फिरवता येतं?"

"एकटीलाच फिरवायचं असतं."

"म्हणजे, कणीक घालायला, झेलायला कोणी लागत नाही?"

"खाली ताट ठेवा. झेलायला ताट."

ती खाली बसली. म्हणाली, "आमच्या चाळीत डाव्या बाजूला मद्रासी बाई, उजवीकडे लखनौकडच्या. समोर गोव्याचे. सगळ्या चांगल्या आहेत, पण एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही. मागल्या साली मी एकटीने शेवया करायला घेतल्या. पाटावर ओढायला मी, झेलायला कोण? सगळ्या मातीत पडल्या."

अक्का काठीवरच्या शेवया सारख्या करत होत्या. त्यांचे हात थांबले. "तू माले कधी सांगं नही वं."

"काय सांगू माय."

"जवाई काय म्हने?"

"ते इंजिनवर होते. मी झाडून काढल्या."

अक्का येऊन कमळाजवळ बसल्या. मी हे यंत्र गल्लोगल्ली अशा बायकांना दाखवत हिंडत होतो ज्यांना झेलायला बारा हात होते. ज्यांना एकही नव्हता त्यांच्याकडे जाण्याचे माझ्या डोक्यात आले नव्हते.

"हाई आठेच, मना घर ऱ्हावू द्या," अक्का शेवटी म्हणाल्या आणि विद्युल्लतेवर पदराने एक हात फिरवला. "पोर सासरले जाई, तिना संगे जाई."

आठांतले एक गेले. त्यांनी मला जेवल्याशिवाय हलू दिले नाही. खापरावरचे मांडे, म्हणजे पुरणपोळीच, पण लाटत नाहीत. पालथ्या मुठींवर खेळवत खेळवत रुमालाएवढी पातळ करतात आणि उपड्या खापरावर टाकतात. सोबत आंब्याचा रस. मांडा खापरावर पडतो त्या क्षणी अक्का गप्प झाल्या, तेवढ्या एकदाच.

कमळाने नवऱ्यासाठी सांजोऱ्यांचे एक गाठोडे माझ्याबरोबर दिले आणि चाळीचा पत्ता तीनदा पाठ करून घेतला. दुसऱ्या दिवशी निघालो, तर मधल्या वाटेत बैलगाडीच्या चाकाचा आरा मोडला आणि तो दुरुस्त होईपर्यंत एका गावात दोन मुक्काम पडले. त्या दोन दिवसांबद्दल मी काही लिहिणार नाही. तिथल्या विहिरीला बत्तीस पायऱ्या आहेत, एवढे मला खात्रीने माहीत झाले.

चाळीसगाव: आखाजीला एक दिवस

रेल्वेची चाळ दुपारच्या उन्हात लोखंडासारखी तापली होती. दारे बंद. पहिल्या दारावर थाप मारली तर आतून कोणत्या भाषेत नाही म्हटले तेही कळले नाही. मग कमळाच्या खोलीशी गेलो. तुकाराम फायरमन नुकताच ड्यूटीवरून आला होता. धिप्पाड, कोळशाने काळा, कानांमागे तेवढा माणसाचा रंग.

"सासूबाईंनी पाठवलं?" गाठोडे घेत तो म्हणाला. "आणि पेटीत काय?"

मी सांगितले. सासूने एक यंत्र ठेवून घेतले, तेही सांगितले, आणि का घेतले तेही. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. तो उंबऱ्यावर बसला.

"मातीत पडल्या होत्या, होय," तो हळूच म्हणाला. "मी आलो तेव्हा थोड्या राहिल्या होत्या दारात. मी बुटांनी तुडवत आत गेलो. काय आहे हे विचारलंसुद्धा नाही." मग उठला, हात धुतले, खाट उचलून निंबाच्या सावलीत टाकली. "आवळा तुमचं मशीन."

"गिऱ्हाईक?"

"आणतो."

त्याने प्रत्येक दारावर मूठ आपटली आणि त्या त्या घरच्या भाषेत दोन दोन शब्द ओरडला. इंजिनवर राहून त्याने तेवढे गोळा केले होते. बायका आल्या, एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून उभ्या राहिल्या. तुकारामाने स्वतः दांडा धरला. कोळशाची फावडी मारणारा हात तो. शेवया उतरल्या नाहीत, धो धो आल्या.

मद्रासी बाई, पार्वतीअम्मा, पुढे आल्या. मराठीचा एक शब्द नाही. त्यांनी जाळी काढायला लावली, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिली, मान हलवली आणि घरातून तांदळाच्या उकडीचा गोळा घेऊन आल्या. लखनौवाल्या बाईंनी आपला मैदा आणला. गोव्याच्या बाईंनी काय आणले ते मी ओळखले नाही आणि विचारलेही नाही.

मला पांझरेकाठचा पार आठवला आणि घाम फुटला. आता सगळ्यांच्या शेवया एकाच यंत्रात निघणार, आणि संध्याकाळी मी पुन्हा उरलेली सहा यंत्रे ओळीने मांडणार. मी तुकारामाचा हात धरणार, तोच पार्वतीअम्मांनी तो धरला. मैदा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ज्या यंत्रात त्यांचा तांदूळ जायचा त्यात दुसऱ्या कोणाचे पीठ जाऊन चालणार नव्हते. लखनौवाल्या बाईंना गोव्याच्या परातीकडे पाहून तसेच काहीसे झाले. गोव्याच्या बाई दोघींकडे पाहून फणकारल्या. प्रत्येकीने खुणेने, बोटाने, डोळ्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: माझे यंत्र वेगळे.

समाजसुधारक मंडळींनी मला क्षमा करावी. इतकी वर्षे मी त्यांच्या सभांना पुढच्या रांगेत बसलो आहे. पण त्या दुपारी मी सोवळ्याओवळ्याचा जन्माचा चाहता झालो.

गंमत अशी की, यंत्रे वेगळी झाली तरी बायका घरी गेल्या नाहीत. आपापली खाट ओढून त्याच निंबाखाली बसल्या, कारण सावली तेवढीच होती. एकीच्या ताटाकडे दुसरी पाहू लागली. पार्वतीअम्मांनी उकडलेल्या शेवयांवर खोबरे टाकून सर्वांना दाखवले, खायला मात्र फक्त मला दिले. चार वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलेल्या त्या बायकांनी एकमेकींची पिठे पहिल्यांदाच पाहिली असावीत.

सहा गेली. सातवे प्रयोगाचे, दांडा वाकलेले. मी ते लपवत होतो. रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याच्या बायकोने ते पेटीतून हुडकून काढले. तुकारामाने दांडा गुडघ्यावर धरून सरळ केला. पेटीत भुसा तेवढा राहिला. "भुसावळला जा," तुकाराम म्हणाला, "आमच्यासारख्या चाळी तिथं मैलभर आहेत."

भुसावळची गाडी तासाभरात होती. गोविंदा दुसऱ्या दिवसानंतर साचे फोडणार होता. मी धावत तारघरात गेलो. तारबाबूंनी मजकूर विचारला. "फोडू नको, आठही गेली, मी भुसावळला," मी धापा टाकत सांगितले. त्यांनी लेखणी थांबवून माझ्याकडे ज्या दयेने पाहिले, तसे माझ्याकडे कोणी पाहिले नव्हते. मी यंत्रांचा खुलासा केला. त्यांनी इंग्रजीत काहीतरी लिहिले आणि तार गेली.

आखाजीचा दिवस भुसावळच्या चाळींत पायी हिंडून काढला. रिकामी पेटी दाखवून मी जितके विकले तितके भरल्या पेटीने कधी विकले नाही. मागणीची नावे लिहिता लिहिता पेन्सिल बोटाएवढी उरली. एका चाळीत सिग्नलच्या खांबाला झोका बांधला होता आणि त्यावर दोन मुली गात होत्या. मीही एक झोका घेतला. त्यांनी हसून घेतले, मी पुढच्या चाळीकडे पळालो.

नाशिक

स्टेशनावरून घरी न जाता सरळ तांबट आळीत गेलो. आळीत ठोक्यांचा आवाज होता. आमच्या कारखान्याचे दार मात्र लोटलेले. दार ढकलले.

साचे होते. फळीवर, ओळीने, एकही न फुटलेले. त्यांच्यापुढे, देवाला ठेवावी तशी, तार ठेवलेली, लिफाफा बंद. शेजारी हातोडी. गोविंदा भट्टीला पाठ लावून भिंतीकडे पाहत बसला होता. तीन दिवस त्याने दाढी केलेली नव्हती. भट्टी गार.

नंतर सगळे कळले. हातोडी उचलायच्या आदल्या संध्याकाळी तारवाला आला. तांबट आळीत आजवर जेवढ्या तारा आल्या तेवढी माणसे गेली. गोविंदाने ती फोडली नाही, कोणाकडून वाचूनही घेतली नाही. आमच्या घरावरून जायचे टाळले, कारण माझ्या बायकोला काय सांगायचे ते त्याला सुचत नव्हते. साचेही फोडले नाहीत. माझी म्हणून तेवढीच वस्तू राहिली, असे त्याला वाटले.

तेव्हा यातले मला काहीच माहीत नव्हते. मी रिकामी पेटी दाणकन जमिनीवर आपटली आणि भुसावळच्या नावांचा कागद त्याच्या नाकासमोर फडकवला. गोविंदाने कागदाकडे पाहिले नाही. तो उठला, माझा दुखरा खांदा दोन्ही हातांनी चाचपला, अगदी घागर ठोकून पाहतात तसा, आणि वर्षभरात एकदाही न चढलेला त्याचा आवाज साऱ्या आळीला ऐकू गेला.

"मेला नव्हतास, तर तार कशाला केलीस?"